हरलेल्या भाषेचा चहा

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. हिंजवडीच्या चौकात गाड्या साठतात तसे ते आपोआप साठतात, पुढचा हलेपर्यंत मागे दहा येऊन उभे राहतात. माझ्याकडे तीन वर्षांचे आहेत. कुठं चार मैत्रिणी जमल्या की म्हणतात, "वैशाली, तुमच्या त्या भाषावाल्या ऑफिसातला एखादा सांग ना, मजा येते." मी सांगते. मजा त्यांना येते.

आधी काम काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. परदेशातल्या एका क्लायंटसाठी आम्ही वेबसाइटची पानं बनवायचो. प्रत्येक पानावर दोन भाषांची तुलना. जपानी की तमिळ? खोसा की कुर्दिश? असं कुणी विचारतं का? नाही. पण उद्या जगात कुणाला विचारावंसं वाटलंच तर पान तयार पाहिजे, असं क्लायंटचं म्हणणं. आम्ही सहाजण होतो, प्रत्येकाच्या वाट्याला दोन-चार भाषा. त्यातली एकही आम्हाला येत नव्हती. त्यानं काही अडत नव्हतं, कारण रकाने ठरलेले होते. लिपी कोणती, बोलणारे किती, शिकायला सोपी की अवघड, दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांचं कळतं का, एक 'फन फॅक्ट', आणि सगळ्यात शेवटी 'विजेता'. विजेता रिकामा ठेवला तर पान सेव्हच व्हायचं नाही.

आमच्यात एक रीत पडली होती. ज्याची भाषा हरली त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा.

* * *

मुबारक तांबोळी माझ्यानंतर महिन्याभरानं लागला. पौडचा. मुळशी तालुक्यातलं गाव; वडिलांचं तिथल्या बाजारात किराणा दुकान, पोरगा मराठीत एम.ए., फर्स्ट क्लास. अर्जात त्यानं स्वच्छ लिहिलं होतं, 'मराठीच्या टेबलासाठी'. मराठीचं टेबल तेव्हा रिकामंच होतं. आमचे टीम लीड केदार सर वेळ मिळेल तसं मराठीचं काम स्वतः उरकायचे, आणि त्या रिकाम्या खुर्चीवर सगळ्यांची हेल्मेटं पडलेली असायची.

सरांनी आधी अर्ज बघितला, मग मुबारककडे बघितलं.

"तू असं कर, कुर्दिश घे. ती अरबी लिपी तुम्हा लोकांना येतेच."

"सर, मला न्हाई येत. मी पौडात झेडपीच्या शाळेत शिकलोय."

"जमेल रे. रक्तात असतं ते."

मला खोसा आधीच मिळाली होती. खोसा दक्षिण आफ्रिकेतली. मलाच का, असं मी विचारलं तेव्हा सरांनी मला एकदा नीट बघून घेतलं होतं आणि म्हणाले होते, "तुला सूट होईल." मी परभणीची. लोक सावळी म्हणतात ते भिडेखातर, मी काळी आहे. मी त्या वेळी हसले होते. सरांच्या बोलण्यापेक्षा ते माझं हसणं मला जास्त खुपतं.

त्या संध्याकाळी निघताना मुबारकनं मराठीच्या खुर्चीवरची हेल्मेटं उचलून खिडकीत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आला आणि स्वतःचं एकट्याचं हेल्मेट त्या खुर्चीवर ठेवलं, एसटीत रुमाल टाकतात तसं.

"जागा धरतोय, ताई," म्हणाला.

त्यानंतर रोज तेच.

* * *

खोसा विरुद्ध कुर्दिश हे आमचं दोघांचं पहिलं पान. आठवडाभर आम्ही जीव तोडून वाचलं. खोसात जिभेनं काढायचे टकटक आवाज असतात, तीन प्रकारचे. एक तर आपण कुणाचं वाईट झालं की च्च च्च करतो तोच. दुसरा आपले लोक बैल हाकताना गालातून काढतात तसा. तिसरा बाटलीचं बूच उडाल्यासारखा. मला एकच जमायचा, मुबारक तिन्ही काढायचा.

"ताई, ह्ये आमच्याकडं बैलालाबी येतं," म्हणायचा.

विजेता कसा ठरवायचा म्हणून आम्ही दोघं सरांकडे गेलो. दोन्ही भाषा आपापल्या जागी चांगल्या आहेत, बरोबरी देता येईल का, असं मी विचारलं.

सर म्हणाले, "बोलणारे जास्त, ती जिंकली. यात विचार कसला करायचा?"

आणि सोपी की अवघड?

"जिच्यात नोकरी मिळते ती सोपी. बाकी सगळ्या अवघड."

कुर्दिश जिंकली. चहा मी पाजला.

* * *

एचआरला नवीन मॅडम आल्या होत्या. सगळ्यांची ओळख करून घेत फिरत होत्या. मुबारकशी पाच मिनिटं बोलल्या आणि मनापासून खूश झाल्या.

"मुबारक, तुम्ही मराठी किती छान बोलता!"

मुबारकला हे वाक्य नवीन नव्हतं. शाळेत वक्तृत्वाचं बक्षीस देताना पाहुण्यांनी म्हटलं होतं, एम.ए.च्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी म्हटलं होतं. त्याच्या आजीला उखाणे येत होते, आईला ओव्या येतात. घरात दुसरी भाषाच नाही. तो नम्रपणे म्हणाला, "तुमीबी चांगली बोलता, मॅडम."

मॅडमना ते झोंबलं असावं. जाता जाता केदार सरांना म्हणाल्या, "तसं थोडं गावठी आहे, नाही का?"

त्याच महिन्यात मुबारकनं मराठीच्या टेबलासाठी दुसऱ्यांदा अर्ज दिला. सर म्हणाले, "अरे, क्लायंटला न्यूट्रल मराठी लागते. तुझं ते हाय-न्हाई तिथं चालणार नाही."

"सर, बोलतो तसं मी लिहीत न्हाई. लिहिलेलं बघा की."

सरांनी बघितलं नाही. मुबारक जागेवर आला आणि मला म्हणाला, "ताई, एका मॅडमच्या हिशोबानं माझी मराठी लई चांगली, सरांच्या हिशोबानं लई वाईट. माझी हाय, असं कुणीच म्हणंना."

मी स्क्रीनकडे तोंड फिरवलं.

* * *

कुर्दिशच्या 'फन फॅक्ट'च्या रकान्यात मुबारकनं लिहिलं होतं, 'एका देशात ही भाषा बोलायला एकेकाळी बंदी होती. तिच्यासाठी माणसं तुरुंगात गेली.'

सरांनी त्याला बोलावून घेतलं. "हे काय आहे?"

"खरं हाय, सर. चार ठिकाणी ताडून बघितलंय."

"खरं असेल रे. पण यात फन कुठंय?"

मुबारक उभाच राहिला. सरांनी ते पुसून स्वतः टाइप केलं, 'कुर्द लोकांना हातात हात घालून नाचायला आवडतं.' पान लगेच सेव्ह झालं.

* * *

आमच्या कॅन्टीनच्या पारूबाई हिंजवडीला लागूनच असलेल्या जांब्याच्या. मीही जांब्यातच भाड्यानं राहायचे, त्यामुळे सकाळी बऱ्याचदा एकाच शेअर रिक्षात. एकदा नवीन गेटपाससाठी सिक्युरिटीनं सगळ्या बायकांचे फॉर्म भरून घेतले. त्यात नवऱ्याचं नाव. पारूबाई काही केल्या सांगेनात. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, सासऱ्याचंही नाही. पस्तीस वर्षांत कधी घेतलं नव्हतं. मागे रांग वाढली. शेवटी त्यांनी मुबारकला हाक मारली, "बाबा, तू आमच्या यांला ओळखतुयास, तूच लिव्ह." त्यानं लिहिलं. गार्डनं बरोबर आहे का म्हणून मोठ्यानं वाचून दाखवलं, तर पारूबाईंनी पदर कानावर घेतला.

केदार सर रांगेच्या बाजूनं लिफ्टकडे चालले होते. म्हणाले, "आयटी पार्कच्या मध्यात राहतात आणि डोकं अजून कुठं आहे बघा. किती मागास!"

त्याच आठवड्यात मला वाचताना सापडलं की लग्न झालेल्या खोसा बायका सासऱ्याचं नाव घेत नाहीत. नावच काय, त्या नावातली अक्षरं ज्या शब्दांत येतील ते शब्दसुद्धा टाळतात आणि त्यांच्या जागी दुसरे वापरतात. पिढ्यानपिढ्या बायकांनी अशी आपली वेगळी बोली केली. मी धावत जाऊन सरांना सांगितलं.

"वा!" सर म्हणाले. "काय समृद्ध संस्कृती आहे! टाक, फन फॅक्टमध्ये टाक."

मुबारक शेजारीच बसला होता. हळूच म्हणाला, "पारूबाईला आफ्रिकेत धाडाय पायजे, ताई. तितं तरी समृद्ध व्हईल."

* * *

लवळ्याच्या एका कॉलेजात एक कुर्द मुलगा शिकतो हे मुबारकला रिक्षावाल्याकडून कळलं. लवळे त्याच्या रोजच्या वाटेवरच. एका शनिवारी मला बाइकवर मागे बसवून घेऊन गेला. मुलाचं नाव हिवा, इराककडचा. हॉस्टेलच्या कॅन्टीनमध्ये मिसळ खात होता आणि डोळ्यांतून पाणी काढत होता. थोडं हिंदी, थोडं इंग्रजी, असं आमचं बोलणं चाललं.

मुबारकनं त्याला मोबाइलवर आमचं पान दाखवलं. हिवानं ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, "आजपर्यंत आमच्या भाषेची तुलना अरबीशी, तुर्कीशी, फारसीशीच व्हायची. ती करणारेही तेच. आम्ही कायम हरायचो. आज पहिल्यांदा जिंकलो." मग त्यानं विचारलं, "ही खोसा कोण? तिला आम्ही का हरवलं?"

मी म्हटलं, "मी खोसा." तो उठून उभा राहिला आणि माझी माफी मागितली. थट्टेत नाही, खरोखर.

मग दोघं शब्द ताडत बसले. पाचाला ते पेंज म्हणतात, दहाला दे, आणि नावाला चक्क नाव. मुबारकनं ते वहीत उतरवून घेतलं. हिवानं विचारलं, "आणि तुझी भाषा कोणती?"

"मराठी."

हिवानं मान हलवली आणि मिसळीत पाव बुडवला. कसलंही आश्चर्य नाही, कौतुक नाही. मराठी म्हणजे मराठी. परत येताना नांद्याच्या चढावर मुबारक म्हणाला, "ताई, असं पहिल्यांदाच झालं बघा."

त्यानंतर तो बऱ्याचदा घरी जाताना लवळ्याला थांबायचा.

* * *

यापुढचं सांगताना मी सहसा आवाज बदलते, म्हणजे लोकांना विनोदी वाटतं.

क्लायंटचा मेल आला. प्रत्येक पान ती भाषा मातृभाषा असलेल्या माणसानं तपासलंय ना? केदार सरांनी उत्तर पाठवून दिलं, 'अर्थातच.' खोसासाठी माझं नाव दिलं, कुर्दिशसाठी मुबारकचं. क्लायंटकडच्या बाईंना इतका आनंद झाला की म्हणाल्या, उद्या व्हिडिओ कॉल करू. दोघांनी आपापल्या मातृभाषेत दोन-दोन मिनिटं बोला, आम्ही ते रेकॉर्ड करून पानावर लावू.

मी म्हटलं, लवळ्यात खरा कुर्द मुलगा आहे, त्याला बोलवू. सर म्हणाले, "बाहेरचा माणूस आणायचा म्हणजे परवानग्या. पंधरा दिवस जातील. कॉल उद्या आहे." आणि मुबारककडे वळून म्हणाले, "हे बघ, दोन मिनिटांचा प्रश्न आहे. तुझी ती मुळशीची भाषा बोल. तसंही ती कुणाला कळत नाही. हे एवढं कर, सोमवारपासून मराठीचं टेबल तुझं. पण दोघांनी करायचं. एकानं नाही म्हटलं तर कॉल गेला आणि टेबलही गेलं."

म्हणजे मुबारकचं टेबल माझ्याही बोलण्यावर अवलंबून होतं. मी त्याला म्हटलं, तू सांगशील तसं. तो जेवणाच्या सुट्टीत त्या रिकाम्या खुर्चीसमोर उभा होता. म्हणाला, "मराठीचं काम मिळवायचं तर आदी कुर्द व्हावं लागंल. असं कुटं असतंय का, ताई?" आणि मग, "हिवाला कळलं तर तोंड कसं दावू?"

संध्याकाळी म्हणाला, "करूया."

दुसऱ्या दिवशी कॉन्फरन्स रूममध्ये आधी मी बोलले. शेंगदाण्याची चटणी कशी कुटतात ते माझ्या परभणीच्या बोलीत सांगितलं. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "पण खोसात ते टकटक आवाज असतात ना?"

मी शेजारी बसलेल्या मुबारककडे बघून च्च च्च केलं. त्या दोन मिनिटांत माझ्या तोंडून बाहेर पडलेली अस्सल खोसा तेवढीच.

मग मुबारक. कॅमेऱ्याकडे सरळ बघत बोलला. अजून शब्दनशब्द माझ्या लक्षात आहे.

"माझं नाव मुबारक तांबोळी. मी पौडचा. माझी आई हीच भाषा बोलती, तिची आईबी हीच बोलायची. मी जे बोलतुया ते कुर्दिश न्हाई, मराठी हाय. मला दुसरी कुटलीच भाषा येत न्हाई. हितं समोर केदार सर बसल्यात, त्यांला समदं कळतंय. मी दोन वेळा मराठीचं टेबल मागितलं. तिसऱ्या खेपंला, मी मराठी न्हाई असं कबूल केल्यावर द्यायचं ठरलंय. ज्या लोकांची भाषा मी चोरतुया त्यांची मी माफी मागतो."

केदार सर टेबलाच्या त्या टोकाला बसून शेवटपर्यंत हसऱ्या चेहऱ्यानं मान डोलावत होते.

बाईंना भरून आलं. म्हणाल्या, "किती जुनी, किती दुःखी वाटते ही भाषा. मी कुठंतरी वाचलं होतं की ही बोलायला बंदी होती. तुम्हाला कधी कुणी अडवलं?"

"यस, मॅडम," मुबारक इंग्रजीत म्हणाला. "इन ऑफिस."

बाईंनी ते लिहून घेतलं.

* * *

सोमवारी मुबारक अर्धा तास लवकर आला. मराठीच्या खुर्चीवर प्रिंटर ठेवलेला होता. सर म्हणाले, "अरे, वरून निर्णय झालाय. मराठी आता सॉफ्टवेअरच करणार, मी फक्त नजर टाकायची. पण तुझा तो ऑडिओ क्लायंटला प्रचंड आवडला हं." मुबारकनं हेल्मेट पायाशी ठेवलं.

चार दिवसांनी हिवाचा मेसेज आला. त्यानं कुर्दिशचं पान उघडून बघितलं होतं. विचारत होता, 'हा आवाज तुझ्यासारखा आहे. काय म्हणतोय तो?' मुबारकनं उत्तर दिलं नाही. त्या दिवसापासून लवळ्याची वाट सोडून तो भूगाव-बावधनवरून वळसा घालून ये-जा करायला लागला. तासभर जास्त लागायचा. मी एकदा म्हटलं, अरे जा, सांगून टाक त्याला. तर म्हणाला, "काय सांगू ताई, त्यानं माझी भाषा इचारली तवा मी खरं बोललो हुतो."

* * *

आता शेवटचा. हा मी फारसा कुणाला सांगत नाही.

पुढच्या महिन्यात यादीत जोडी आली, मराठी की कुर्दिश? मराठी सरांकडे, कुर्दिश मुबारककडे. सर म्हणाले, "छोटं पान आहे, मीच करून टाकतो." दुपारपर्यंत झालंसुद्धा. पान तपासायला आमच्याकडे आलं तेव्हा मी आणि मुबारक एका स्क्रीनवर बघत होतो.

वर दोन आवाज लावले होते. मराठीखाली केदार सरांचा, 'नमस्कार, मराठी ही अत्यंत गोड भाषा आहे.' कुर्दिशखाली मुबारकचा, 'माझं नाव मुबारक तांबोळी. मी पौडचा.' मुबारकनं दोन्ही शेवटपर्यंत ऐकले आणि मग खाली सरकला. 'दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांचं कळतं का?' या रकान्यात सरांनी लिहिलं होतं, 'नाही. एक शब्दही कळत नाही.'

त्याच्या खाली, विजेता मराठी.

मुबारकनं पानावर 'तपासले' अशी खूण केली आणि उठला. पारूबाईंकडून सहा कप घेऊन आला. पाचजणांना दिले, सहावा केदार सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"अरे वा, आज कशाबद्दल?"

"कुर्दिश हरली, सर. मराठी जिंकली."

सरांनी कप उचलला. "शेवटी आपली मराठी आहे, बाबा."

"व्हय, सर," मुबारक म्हणाला. "साखर बगा, बराबर हाय का."